दुर्गम बेटांवर छोट्या जहाजाने प्राणी पाहायला जावं का? (गॅलापगोस)

अजिंक्यतारा (सातारा):
आमच्या पक्षी बघणाऱ्या मंडळींत सध्या एकच वाद चालू आहे. गटातली दोन निवृत्त जोडपी पुढच्या वर्षी गॅलापगोसला जायचं म्हणतायत. सोळा जणांचं जहाज, आठ दिवस, विमानासकट माणशी सात-आठ लाखांच्या घरात. निम्म्या लोकांचं म्हणणं, अशा बेटांच्या वाटेला जाऊच नये. मी जाण्याच्या बाजूचा आहे. विरोधी मतं हवीच आहेत, म्हणून इथे मांडतो.

ही बेटं इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटर आत, पॅसिफिकमध्ये आहेत. १८३५ मध्ये डार्विन तिथे उतरला होता. १९५९ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि ९७ टक्के जमीन उद्यानात येते. मनाला येईल तसं तिथे फिरता येत नाही. जहाजावर शंभरापेक्षा जास्त प्रवासी घेता येत नाहीत. सोळा माणसांमागे परवानाधारक गाईड लागतो, प्राण्यापासून दोन मीटर लांब राहायचं, आखलेली पायवाट सोडायची नाही, फ्लॅश वापरायचा नाही. कोणतं जहाज कोणत्या दिवशी कुठे थांबणार तेही उद्यानच ठरवतं.

मला जहाज पटतं ते एवढ्यासाठी की झोपणं, जेवण, आंघोळ सगळं पाण्यावर होतं. फर्नांदिना बेटावर हॉटेल नाही, रस्ता नाही. माणसं रबरी होडीतून उतरतात, दोन-तीन तास चालतात आणि निघतात. तिथला पाणकावळा उडणंच विसरलाय, पंख खुरटे झालेत. जगात तो फक्त फर्नांदिना आणि इसाबेला या दोन बेटांवर आहे. समुद्रात बुडी मारून शेवाळ खाणारे इग्वाना काळ्या लाव्हावर एकमेकांच्या अंगावर पडून ऊन खातात आणि नाकातून खारं पाणी फुर्रकन उडवतात. माणूस जवळून गेला तरी हलत नाहीत. आपल्याकडे कासला दिवसाला ३००० माणसांची मर्यादा ठेवली, तरी सप्टेंबरातल्या रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते. त्यापुढे सोळा माणसं म्हणजे काहीच नाही.

कृष्णाकाठ (सांगली):
माझा स्पष्ट विरोध. सांगलीहून मुंबई, तिथून युरोप, मग इक्वेडोरमधलं कीटो किंवा ग्वायाकिल, तिथून गॅलापगोसच्या बाल्ट्रा बेटावरचा विमानतळ. एवढं विमानाचं इंधन जाळून आपण निसर्गावर प्रेम करायला निघालोय?

आणि जहाज लहान म्हणून धोका लहान, हे कुणी सांगितलं? जानेवारी २००१ मध्ये जेसिका नावाचं तेलवाहू जहाज सान क्रिस्तोबालच्या बंदराशी रुतलं. त्यातलं काही इंधन पर्यटकांच्या जहाजासाठीच होतं. तेल सांडलं, बरंचसं वारा-प्रवाहाने खोल समुद्रात गेलं आणि सगळ्यांना वाटलं, बचावलो. पुढच्या वर्षभरात सांता फे बेटावरचे सुमारे ६२ टक्के समुद्री इग्वाना मेले. तुम्ही ज्यांचं वर्णन केलंत तेच. पर्यटक उतरताना दोन मीटर लांब राहिला तरी त्याच्यासाठी आणलेलं डिझेल काही लांब राहत नाही.

इंजिनरूम (इस्लामपूर):
मर्चंट नेव्हीत इंजिनवर आयुष्य गेलं, म्हणून दोन शब्द. जहाज नांगरावर उभं असलं तरी जनरेटर बंद नसतो. एसी, फ्रीज, समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारी यंत्रणा, सगळं त्यावर. सोळा प्रवाशांमागे क्रू आणि गाईड मिळून दहाएक माणसं असतात. म्हणजे माणशी इंधन काढलं तर छोटं जहाज मोठ्यापेक्षा सहज महाग पडतं.

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही ती दिव्यांची. ही जहाजं एका बेटावरून दुसऱ्याकडे बहुतेक रात्रीच जातात. किनाऱ्याजवळ नांगर टाकून पांढरे दिवे लावले की पतंग, माश्या, भुंगे डेकवर जमतात. सकाळी डेक झाडणाऱ्या पोराला विचारा, सुपलीभर निघतात. त्यातले जिवंत असतात ते पुढच्या बेटावर उतरतात. ज्या बेटांचं सगळं वैशिष्ट्यच एकमेकांपासून तुटलेलं असण्यात आहे, तिथे हे वाईट. पिवळे दिवे लावले, नको तिथले बंद ठेवले तर बराच फरक पडतो. जाणाऱ्यांनी हे जरूर विचारावं.

अजिंक्यतारा:
दिव्यांचा मुद्दा मान्य, साहेब. कृष्णाकाठ, जेसिकाचंही खरं आहे. पण दुसरी बाजू बघा. जहाजांवरच्या खाटांच्या एकूण संख्येवर तिथे कित्येक वर्षं मर्यादा आहे. २०२३ मध्ये तिथे सव्वातीन लाखांवर पर्यटक गेले आणि ही वाढ जवळपास सगळी जमिनीवरच्या हॉटेलांत झाली. हॉटेल आलं की भाजी, सिमेंट, गॅस मुख्य भूमीवरून येतो आणि त्या मालाबरोबर मुंग्या, बिया, उंदीर येतात. त्यातल्या त्यात कमी त्रासाचा मार्ग जहाजाचाच आहे.

बामणोली_लाँच (जावळी):
हॉटेलवाल्यांना एवढं बोलू नका. सांताक्रूझ, सान क्रिस्तोबाल, इसाबेला, फ्लोरेआना या बेटांवर माणसं राहतात, तीस हजारांच्या आसपास. पर्यटक जहाजावरच जेवला, जहाजावरच झोपला तर गावातल्या खानावळीला काय मिळणार? आमचं गाव कोयनेच्या पाण्यात गेलं, वरची गावं अभयारण्यासाठी उठली. "दुर्गम", "निर्मनुष्य" असं वाचलं की आम्हाला आधी तिथल्या माणसांची आठवण होते.

आता शिवसागरातून, म्हणजे कोयनेच्या जलाशयातून, वासोटा किल्ल्याकडे नेणाऱ्या लाँच आमच्याच माणसांच्या आहेत. दीडेक तासाचं पाणी. पलीकडे उतरलं की वन खात्याचा माणूस सॅक उघडायला लावतो, प्लास्टिकच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे मोजून लिहून घेतो आणि परत येताना तेवढेच दाखवावे लागतात. मुक्काम नाही, संध्याकाळच्या आत लाँचमध्ये. नियमही पाळला जातो आणि पैसाही खोऱ्यात राहतो. गॅलापगोसच्या जहाजाचा मालक कुठला, क्रू कुठला, हे विचारलंय का कुणी?

जीवशास्त्राच्या_बाई (वाई):
त्या दोन जोडप्यांतल्या एका जोडप्यातली मी. नोकरीभर फळ्यावर तिथल्या फिंच पक्ष्यांच्या चोची काढून दाखवल्या. जाड चोच, बारीक चोच, टोकदार चोच. मुलं विचारायची, "बाई, तुम्ही बघितलेत?" माझे स्वतःचे साठवलेले पैसे आहेत आणि ते पक्षी मला डोळ्यांनी बघायचेत. हे मागणं मला चुकीचं वाटत नाही.

गुडघ्यांमुळे चौकशी केली. काही ठिकाणी होडीतून थेट खडकावर पाय ठेवायचा असतो, काही ठिकाणी गुडघाभर पाण्यात उतरायचं. जून ते नोव्हेंबर हंबोल्ट या सागरी प्रवाहामुळे पाणी थंड आणि समुद्र खवळलेला. जानेवारी ते मे शांत. पण एस्पान्योला बेटावरचे अल्बट्रॉस हे समुद्रपक्षी साधारण एप्रिल ते डिसेंबरच असतात. म्हणून आम्ही एप्रिलचा शेवट धरलाय.

आणखी एक. कासला जाऊन आलं की मोज्यांत, बुटांच्या वेलक्रोत कुसळं अडकलेली असतात, चिमट्याने काढावी लागतात. तेच बूट तिथे नेले तर? तिथे सामानाची तपासणी होते, पण मी त्या भरवशावर राहणार नाही. नवे बूट, नवी सॅक.

कृष्णाकाठ:
बाई, तुमच्याबद्दल आदरच आहे. तरी विचारतो, जे आहे ते सगळं आपल्याला बघायला मिळालंच पाहिजे, हा हट्ट कशाला? अंदमानात नार्कोंडमचा धनेश आहे, जगात फक्त त्या एका बेटावर. पर्यटकांना तिथे सोडत नाहीत. बॅरन बेटाचा ज्वालामुखी लोक जहाजातूनच बघतात, उतरता येत नाही. धनेश आपण न बघताही आहे, याचा मला आनंद होतो. आणि पाणपक्षी बघायचेत तर खटाव तालुक्यातलं मायणी आहे, तिथे आपल्या पैशाची आणि डोळ्यांची गरज जास्त आहे.

जीवशास्त्राच्या_बाई:
मायणीला मी वर्गच्या वर्ग नेलेत, पुढेही नेईन. त्याने गॅलापगोसचं प्रवेशशुल्क भरलं जात नाही. ऑगस्ट २०२४ पासून ते आमच्यासारख्यांना २०० डॉलर आहे, आधी १०० होतं. त्यातला वाटा उद्यानाला, बाहेरचे जीव रोखणाऱ्या यंत्रणेला आणि तिथल्या नगरपालिकांना जातो. कुणीच गेलं नाही तर ते पैसे कुठून यायचे, हेही सांगा.

कृष्णाकाठ:
सरकारांनी आणि श्रीमंत देशांनी द्यावेत. पर्यटकांवर बेतलेली राखण २०२० सारखं साल आलं की उघडी पडते.

अजिंक्यतारा:
या चर्चेमुळे एवढं झालं की सहल नेणाऱ्यांना आज लेखी विचारलंय: डेकचे दिवे कोणते, जहाजाचा मालक आणि क्रू बेटांवरचे आहेत का, आणि एखादी रात्र सांताक्रूझच्या गावातल्या घरगुती लॉजवर काढता येईल का. बामणोलीच्या दादांनी विचारलेलं अगदी तसंच लिहिलंय. दोन्ही जोडप्यांनी उत्तर येईपर्यंत आगाऊ रक्कम थांबवली आहे. माझं मत जाण्याच्याच बाजूचं आहे.

इंजिनरूम:
त्यात हेही घाला: सांडपाणी कुठे सोडतात आणि इंधन कुठे भरतात. उत्तर गोलमोल आलं तर दुसरं जहाज बघा.