स्पिटफायरचं अलाइनमेंट सोलापुरात होईल का?

गाडीवेडा_सोलापूर:
नमस्कार मंडळी, काकांची १९७२ ची ट्रायम्फ स्पिटफायर आता आमच्याकडं आलीय, इंजिन मस्त आहे पण साठच्या पुढं गेलं की डावीकडं ओढते आणि पुढचा डावा टायर आतल्या बाजूनं पार गुळगुळीत झालाय. एका ठिकाणी कॉम्प्युटर अलाइनमेंट (म्हणजे चाकांचे कोन जुळवणं) केलं तर त्या पोराला मशीनच्या यादीत गाडीच सापडेना, मग त्यानं कुठल्यातरी हॅचबॅकचं सेटिंग टाकून स्क्रीनवरचे सगळे आकडे हिरवे, म्हणजे बरोबर, करून दाखवले आणि प्रिंट हातात दिला. आता सरळ रस्त्यावर पण स्टेअरिंग वाकडं राहतंय. कॅम्बर (समोरून बघितलं तर चाक आत-बाहेर किती कललंय ते) या गाडीत अ‍ॅडजस्टच होत नाही असं पण म्हणाला. पुण्याला न्यावी का?

हेराल्डवाला:
पुण्याला कशाला ओ, डिझेल जाळून ट्रेलरवर टाकून नेणार का. स्पिटफायरचं पुढचं सस्पेन्शन म्हणजे मूळ ट्रायम्फच्याच हेराल्ड गाडीचं, आणि स्टँडर्ड हेराल्ड आपल्याकडं मद्रासला बनत होती, त्यामुळं ज्यानं हेराल्ड खोललीय असा जुना मिस्त्री शोधा. मशीन नंतर. आधी जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडं. प्ले (ढिलेपणा) असेल तर बेअरिंग, बॉल जॉइंट, ट्रनियन (चाकाच्या उभ्या दांड्याचा खालचा आट्यांचा सांधा), टायरॉड एंड (स्टेअरिंगकडून चाकाला येणाऱ्या दांड्याचं टोक) हे आधी दुरुस्त करा, नाहीतर मशीनचा आकडा गाडी रॅम्पवरून उतरेपर्यंतच खरा. आणि खालच्या ट्रनियनमध्ये ग्रीस नाही, ईपी ९० हे घट्ट गिअर ऑइल जातं. सगळे ग्रीस गन लावून मोकळे होतात, आतले आटे कोरडे पडतात आणि एक दिवस व्हर्टिकल लिंक, म्हणजे तो उभा दांडाच तुटतो.

पाना_तेरा:
कॅम्बर होतो की, कोण म्हणतं होत नाही! खालच्या विशबोनचे (चाक धरणाऱ्या दुहाती आर्मचे) ब्रॅकेट चॅसिसला बसतात तिथं मागं शिम असतात, पातळ पत्र्या. दोन्ही ब्रॅकेटमागं सारख्या वाढवल्या की चाकाचं खालचं टोक बाहेर येतं म्हणजे कॅम्बर निगेटिव्ह (चाक वरून आत कललेलं), काढल्या की उलट, आणि पुढं-मागं कमीजास्त केल्या की कॅस्टर (बाजूनं बघितलं तर चाक वळतं त्या अक्षाचा पुढं-मागं कल) बदलतो. डावीकडच्या मोजा, उजवीकडच्या मोजा, मला तर वाटतंय कुणीतरी डावीकडं जास्त घालून ठेवल्यात. टो (वरून बघितलं तर चाकांची पुढची टोकं आत की बाहेर वळलीत ते) सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर हलला की टो हलतोच. टो-इन (पुढची टोकं आत) शून्य ते १.६ मिमी, मशीन अंशात दाखवतं त्यामुळं १३ इंची रिमला दोन्ही चाकं मिळून जास्तीत जास्त पाव अंश धरा. टायरॉड दोन्हीकडं सारखे फिरवायला सांगा, एकाच बाजूला फिरवलं म्हणूनच तुमचं स्टेअरिंग वाकडं झालंय.

गाडीवेडा_सोलापूर:
भारी माहिती. डावीकडं खरंच एक पत्री जास्त आहे, आत्ताच टॉर्च मारून बघितलं. मोजताना सीट रिकामी चालेल का?

पाना_तेरा:
नाही, दोन्ही सीटवर माणसाएवढं वजन पाहिजे, ज्वारीचे कट्टे टाका. आणि जॅकवरून उतरवली की लगेच मोजू नका, मागचा स्विंग अ‍ॅक्सल आहे (अ‍ॅक्सलचे दोन्ही अर्धे मधूनच वर-खाली झुलतात), चाकं पोटाखाली दुमडल्यासारखी राहतात, गाडी चार पावलं पुढं-मागं ढकलली की मग बसतात.

हेराल्डवाला:
त्याच्याही आधी एक फुकटचं काम करा, पुढचे दोन्ही टायर डावा-उजवा बदलून एक चक्कर मारा. उजवीकडं ओढायला लागली तर दोष टायरचा, शिमच्या पत्र्यांना हातच लावू नका तोवर.