रोटरी फाइल किती पेशंटना वापरता? प्रश्नच चुकलाय

दंतकथी:
तालुक्याच्या गावी माझा दवाखाना, रूट कॅनॉल रोजचंच. दाताच्या मुळातली बारीक नळी म्हणजे कॅनॉल, ती आतून घासून साफ करणारी पीळदार बारीक सुई म्हणजे फाइल, आणि मोटरवर फिरते ती रोटरी. परवा एका वर्गमित्राने विचारलं, "एक फाइल किती पेशंटना वापरतोस?" अरे, समोरच्या पटाशीच्या दाताला एक सरळ कॅनॉल. वरच्या पहिल्या दाढेला तीन, आणि लपून बसलेला जादा कॅनॉल, एमबी-टू, सापडला तर चार, तोही अरुंद नि वाकडा. दोन्हींचा हिशोब 'एक पेशंट' असाच करायचा? मी कॅनॉल मोजतो. सरळ, मोकळ्या कॅनॉलमध्ये फिरलेली फाइल धुऊन, भिंगाखाली बघून, ऑटोक्लेव्हच्या वाफेत निर्जंतुक करून पुन्हा घेतो. वाकड्या दाढेत गेलेली त्याच दिवशी बाद. सरसकट 'एकदा वापरा, फेका' म्हणणाऱ्यांनी आमच्याकडे बसून तेवढी फी मागून दाखवावी. पेशंट म्हणतो, "त्यापेक्षा उपटूनच टाका दाढ."

अक्कलदाढ:
पेशंट मोजणं चूक, इथवर मान्य. पण भिंगाखाली काय दिसतं हो तुम्हाला? फाइल दोन तऱ्हांनी मोडते. टोक अडकलं आणि वरून मोटर फिरवतच राहिली तर पीळ उसवतो, तो दिसतो. दुसरी तऱ्हा थकव्याची. मिनिटाला ३०० फेरे म्हणजे सेकंदाला ५. वाकणात १० सेकंद फिरली की त्याच जागी धातू ५० वेळा ताणला-दाबला गेला. बांधकामावरची तार इकडून तिकडे वाकवून तोडतात, तसंच. आणि हे मोडणं बहुतेकदा काहीही चाहूल न देता होतं. तुमचं भिंग तिथे आंधळं.

दंतकथी:
म्हणूनच तर वाकडीतली फेकतो! उरला फाइलचा दोष. २००४ साली छापलेल्या एका अभ्यासात ४ देशांतल्या १४ एन्डोडॉन्टिस्टांनी, म्हणजे रूट कॅनॉलच्या तज्ज्ञांनी, वापरून टाकलेल्या ७,१५९ फाइली तपासल्या. मोडलेल्या ५ टक्के, पीळ उसवलेल्या १२ टक्के. सगळ्यात मोठा फरक कशाने पडला? वापरणाऱ्या डॉक्टरने. आधी १० नंबरच्या बारीक हातफाइलने वाट करून न घेता रोटरी दामटली तर नवी कोरीसुद्धा मोडते.

अक्कलदाढ:
त्याच अभ्यासातलं पुढचं वाक्य गिळलंत. डॉक्टरमुळे म्हणजे त्याच्या हातामुळे, किंवा फाइल किती वेळा वापरायची या त्याने ठरवलेल्या आकड्यामुळे, असं ते म्हणतात. म्हणजे फिरून आपण तुमच्या हिशोबापाशीच आलो.

धातूवेडा:
मी दातांचा नाही, धातूचा माणूस. फाइलचा नायटिनॉल हा निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू. नावातलं 'नॉल' अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेच्या आद्याक्षरांवरून आलं. त्याच्या हातफाइली १९८८ साली पहिल्यांदा केल्या त्याही दात सरळ करायच्या तारेपासून. आता उष्णता देऊन मऊ केलेल्या फाइली येतात. त्या थकव्याला जास्त टिकतात, पण त्यांचा पीळ लवकर उसवतो. तेव्हा 'फाइल किती टिकते' याला एकच उत्तर नाही, कोणती फाइल ते आधी सांगा.

बत्तीशी:
एक पेशंट म्हणून विचारते. माझ्या दाढेत मोडलेल्या फाइलचा तुकडा राहिलाय, दोन वर्षं झाली. काही दुखत नाही, पण मला कळलं ते दुसऱ्या दवाखान्यातल्या एक्स-रेवर! आधीच्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. आणि दुसऱ्याच्या तोंडातली फाइल माझ्या तोंडात, हे तरी कोणी सांगतं का?

दंतकथी:
न सांगणं अक्षम्य, तिथे वादच नाही. तुकडा राहिला म्हणून दाढ गेलीच असं नसतं. त्याच्या पलीकडचा कॅनॉल किती साफ झाला होता यावर ठरतं. वर्षातून एकदा एक्स-रे काढून मुळाच्या टोकाशी काळा डाग नाही ना, एवढं बघून घ्या.

अक्कलदाढ:
ताईंचा दुसरा प्रश्न टाळलात. फाइलच्या खाचांतला मळ पूर्ण निघत नाही, म्हणून ब्रिटनमध्ये २००७ सालीच फाइली एकदाच वापरा असं सरकारने सांगितलं. कारण प्रायॉनचं होतं, म्हणजे मेंदूचा रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं, जी नेहमीच्या ऑटोक्लेव्हला दाद देत नाहीत.

दंतकथी:
त्यांच्याकडे गायींपासून माणसांत आलेल्या त्या मेंदूच्या रोगाची पार्श्वभूमी होती. आणि ज्या फाइलच्या दांड्यावरचं कडं ऑटोक्लेव्हमध्ये मुद्दाम फुगतं, म्हणजे ती हँडपीसमध्ये, फाइल फिरवणाऱ्या मुठीत, पुन्हा बसूच नये, तिथे फक्त पेशंटची काळजी दिसते तुम्हाला? मला कंपनीचा गल्लाही दिसतो.

अक्कलदाढ:
दिसू दे. फुगलेलं कडं निदान खोटं बोलत नाही. कोणती फाइल किती कॅनॉल फिरली ते मोजायचे तुमच्या डब्यावरचे ठिपके कोण काढतं? असिस्टंट. ती गणपतीला गावी गेली की त्या आठवड्याचे ठिपके कोण काढतं?

दंतकथी:
...मी. आणि हो, दोनदा विसरलोय. तो अख्खा डबा फेकला होता.