अक्कलदाढेच्या पल्पमधून न्यूरॉन: मार्कर दिसतात, अ‍ॅक्शन पोटेन्शियल नाही

पेट्रीडिश (प्रश्न): अक्कलदाढेच्या पल्पमधल्या (दाताच्या आतला मऊ गाभा) स्टेम सेल्स, पॅसेज ३ (तिसऱ्यांदा नव्या प्लेटवर घेतलेल्या), अल्फा-एमईएम (पोषक मीडियम) आणि २० टक्के एफबीएसमध्ये (वासराचं सीरम) वाढवलेल्या. इंडक्शनला (न्यूरॉनकडे वळवायला) न्यूरोबेसल-ए मीडियम, बी-२७ पूरक, आणि ग्रोथ फॅक्टर ईजीएफ २० व एफजीएफ-२ ४० नॅनोग्रॅम प्रति मिली, तीन आठवडे. पेशींना लांब शेपट्या आल्यात, नेस्टिन (अपक्व न्यूरल पेशीचा मार्कर) आणि बीटा-थ्री ट्युब्युलिन (कोवळ्या न्यूरॉनचा मार्कर) पॉझिटिव्ह. पण पॅच क्लॅम्पवर (एकेका पेशीचे विद्युतप्रवाह मोजायचं तंत्र) काहीच फायर होत नाही, म्हणजे अ‍ॅक्शन पोटेन्शियल (न्यूरॉनचा विद्युत स्पंद) येत नाही, आणि बऱ्याच पेशी प्लेट सोडून तरंगतात. कुठे गडबड आहे?

मज्जाधर: इंडक्शन न केलेल्या पेशी त्याच अँटिबॉडीने रंगवल्यात का? पल्पच्या या पेशी न्यूरल क्रेस्टच्या (भ्रूणातल्या मज्जासंस्थेच्या कडेच्या पेशी) वंशातल्या, त्यामुळे नेस्टिन आणि बीटा-थ्री ट्युब्युलिन त्यांच्यात मुळातच थोडंफार असतं. कंट्रोलशिवाय ते फोटो बिनकामाचे. एमएपी-२, न्यूएन, सिनॅप्सिन हे पक्व न्यूरॉनचे मार्कर बघा, आणि नेस्टिन उतरतंय का तेही.

शेपट्यांवरही लगेच भरवसा नको. सीरम काढलं की पेशी आक्रसते आणि चिकटलेली टोकं मागे उरतात; दिसायला हुबेहूब न्यूराइट (न्यूरॉनची शाखा). बोन मॅरोच्या पेशींत मर्कॅप्टोइथेनॉल-डीएमएसओने काही तासांत होणारे ‘न्यूरॉन’ हे असंच सायटोस्केलेटन (पेशीचा आतला सांगाडा) कोसळणं असल्याचं २००४ मध्येच दाखवलं गेलं. टाइम-लॅप्स लावा. खरी शाखा ग्रोथ कोन (टोकाचा हलता पंजा) घेऊन पुढे सरकते, खोटीत पेशीचं अंगच मागे जातं.

कोटिंगवाला: तरंगणाऱ्या पेशींचं बोलतो. पेशी चिकटाव्यात म्हणून प्लेटला आधी पॉलि-ऑर्निथिन १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, रात्रभर. मग निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा, कारण सुटं राहिलेलं पॉलि-ऑर्निथिन पेशींना विषारी. त्यावर लॅमिनिन ५ मायक्रोग्रॅम प्रति मिली, ३७ अंशांवर किमान दोन तास. लॅमिनिन फ्रिजमध्येच सावकाश वितळवा, घाई केली की जेल होतं आणि कोटिंग ठिपक्याठिपक्यांचं बसतं. थर वाळू देऊ नका. मीडियम बदलताना अर्धंच काढा, पिपेट भिंतीला टेकवून.

एफजीएफ-२ ३७ अंशांवर फार टिकत नाही. मीडियम बदलायला आठवड्यातून एकदाच मुहूर्त काढत असाल तर बहुतेक काळ ते संपलेलंच असतं. दिवसाआड ताजं घाला.

ओममीटर: मुळात तीनही आठवडे ईजीएफ-एफजीएफ चालू ठेवलं तर पेशी प्रोजेनिटरच (विभाजन पावणाऱ्या, अपक्व) राहणार, फायर कुठून होतील? पहिल्या आठवड्यानंतर दोन्ही बंद करून न्यूरॉन पक्व करणारे फॅक्टर बीडीएनएफ आणि जीडीएनएफ प्रत्येकी १० नॅनोग्रॅम प्रति मिली, सोबत डायब्युटिरिल सीएएमपी (पेशीत शिरू शकणारा सीएएमपी, आतला संदेशवाहक रेणू), असं करून बघा. आणखी दोन-तीन आठवडे लागतील.

पॅच करताना आधी व्होल्टेज क्लॅम्प (व्होल्टेज ठरवून प्रवाह मोजणं): होल्डिंग उणे ७० मिलिव्होल्ट, १० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी अधिक ४० पर्यंत. आत येणारा वेगवान प्रवाह दिसला तर १ मायक्रोमोलर टीटीएक्स (सोडियम चॅनल बंद करणारं विष) टाका. तो गेला तर टीटीएक्सला संवेदनशील सोडियम चॅनल आहेत. विश्रांतीचं पोटेन्शियल उणे ३० च्या आसपास असेल तर बहुतेक सोडियम चॅनल इनॅक्टिव्हेटच (उघडू न शकणारे) असतात. करंट क्लॅम्पमध्ये (करंट देऊन व्होल्टेज मोजणं) ऋण करंट देऊन पेशी उणे ७० वर आणा आणि मग पल्स द्या.

नुसता सोडियम प्रवाह मिळाला तर ‘न्यूरॉनसदृश’ एवढंच लिहा.

मज्जाधर: काम मज्जारज्जूच्या इजेसाठी असेल तर न्यूरॉनचा हट्टच कशाला? २०१२ च्या जपानी प्रयोगात उंदराच्या तोडलेल्या मज्जारज्जूत घातलेल्या दातांच्या पेशी मुख्यतः ऑलिगोडेंड्रोसाइट (मज्जातंतूंना आवरण घालणाऱ्या पेशी) झाल्या, तरी चालण्यात सुधारणा दिसली. पेशी कोणते उपयोगी घटक बाहेर सोडतात ते बघायला कंडिशन्ड मीडियमचा (पेशी वाढवून काढलेलं मीडियम) एलायझा (प्रथिनं मोजणारी अँटिबॉडी चाचणी) आधी करून बघा, स्वस्तात पडतो.