बोरन्हाणाचा खाऊ : तुम्ही डब्यात काय काय भरलंत?

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही बोरन्हाण करता येतं, म्हणून अजून हाताशी वेळ आहे. लेक दीड वर्षाची. घरच्या घरीच करायचंय, सोसायटीतली आणि नात्यातली धरून पंधरा पोरं येतील. प्रत्येकाच्या हातात खाऊ द्यायचा म्हणून बाजारात चौकशी केली, तर पतंगाचं चित्र असलेला नुसता रिकामा खोकाच पन्नास रुपये! आमच्या लहानपणी फ्रॉकच्या ओच्यात बोरं वेचून घरी पळालो तरी बोरन्हाण झालेलं असायचं. कमी खर्चात कुणी केलं असेल तर लिहा. पोरांनी काय खाल्लं, काय तसंच पडून राहिलं? फसलेलं आधी सांगा.

कोल्हापूर, दोन मुलांची आई

कुरमुऱ्यांना आमच्याकडे चिरमुरे म्हणतात, आणि सगळं गणित त्यांच्यावरच आहे. अर्धा किलो आणले की पातेलं ओसंडून वाहतं. गेल्या वर्षी पंधरा पोरांसाठी माझा हिशेब असा झाला: चिरमुरे ५० रुपये, किलोभर बोरं ६०, पाव किलो तीळ ६०, अर्धा किलो गूळ ३५, एक ऊस ३०, पाव किलो डाळं ४०, राजगिऱ्याचे लाडू ६०. एकूण ३३५, म्हणजे पोरामागे साधारण बावीस रुपये. दाण्याचं कूट घरातलंच होतं, ते धरलं नाही.

डबे आणलेच नाहीत. सासूबाईंची जुनी चंद्रकळा घडीवर विरली होती, तिच्या छोट्या पिशव्या शिवल्या. संक्रांतीला काळं लागतंच! कापड विरलेलं असलं तर आतून जुन्या सुती ओढणीचं अस्तर लावा, एवढंच.

लाडू मात्र पाकाचे करू नका. चिक्कीच्या गुळाचा कडक लाडू दुधाच्या दातांनी फुटत नाही, पोरं चाटून परत देतात (परत म्हणजे आपल्याच हातात). तीळ भाजून भरड करायचे, साधा गूळ किसून कुटाबरोबर खलबत्त्यात एकत्र कुटायचा. तिळाच्या तेलानेच लाडू वळला जातो, आणि मऊ राहतो. एवढ्या तिळात लहान लहान तीसेक होतात, माणशी दोन.

नागपूर

फसलेलं आधी विचारलंत म्हणून सांगते. आमच्या अडीच वर्षांच्या भाच्याने बोरन्हाणात फुटाणा उचलला आणि तोंडाऐवजी नाकात घातला. कुणाच्या लक्षातच आलं नाही. रात्री एका बाजूने नाक गळायला लागलं, तेव्हा कळलं. ओलाव्याने फुटाणा फुगतो आणि जास्तच घट्ट बसतो. घरी चिमटा घेऊन खटपट करू नका, त्याने तो आत सरकतो. आम्ही थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी दोन मिनिटांत काढला.

तेव्हापासून आमच्याकडे दोन ढीग असतात. डोक्यावरून ओतायला फक्त मुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या. चार-पाच वर्षांखालच्यांच्या पुडीत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, कडक गोळ्या, मक्याच्या लाह्या काही नाही, ते सगळं थोरल्यांच्या पुडीत. बोरंही लहानग्यांना बी काढून फोडीच देते. नाव ‘बोर’न्हाण असलं म्हणून बी गिळायला लावायचं का?

दाण्याच्या कुटाचं निमंत्रणाच्या फोनवरच विचारून घ्या. आमच्या शेजारच्या मुलीला शेंगदाणा चालत नाही, तिच्यासाठी नुसत्या तिळाचे वेगळे करते.

पुणे, आजी

हलवा विकत आणून वर नुसती महागाई महागाई म्हणू नये. चमचाभर खसखस नाहीतर साबुदाणा परातीत मंद निखाऱ्यावर (आता गॅसवर तवा, त्यावर परात), एकतारी पाक चमच्याने थेंब थेंब सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. साखर स्वस्त, वेळ महाग. वाटीभर हलव्याला माझे चार दिवस जातात, रोज तास-दीड तास. थंडी कडक असेल तर काटा छान येतो, पावसाळी हवा झाली की सगळा चिकट होऊन बसतो.

पण खरं सांगते, हलव्याचे दागिने बाळाच्या अंगावर फोटोपुरतेच. तोंडात मणी जातो, शिवाय दुपारपर्यंत मुंग्या. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला कौतुकाने मधाचं बोट लावायला कुणी पुढे झालं, तर सरळ नाही म्हणा, नातं कितीही जवळचं असो.

जळगाव

बोरं आमच्या मेहरूणची. बारकी, पण गोड. शहरात बोराच्या नावाखाली जे सफरचंदाएवढं हिरवं काहीतरी मिळतं, ते पोरांना दाखवू पण नका.

ठाणे, बाबा

मी जरा वेगळं बोलतो. आम्ही मागच्या वर्षी हौसेने सगळं पारंपरिक केलं. कार्यक्रम संपल्यावर सतरंजी झटकली, तर बोरं आणि उसाचे करवे जिथल्या तिथे, बिस्किटाचे छोटे पुडे मात्र एकही शिल्लक नाही. यंदा प्रत्येक पिशवीत पाच रुपयांचा एक पुडा घालणार आहे. ऊस मात्र करव्यांऐवजी पातळ चकत्या करून, आई-बाबांच्या हाती.

न्यू जर्सी

इथे जानेवारीत बाहेर बर्फ, बोरं कुठली! गुजराथी दुकानात ‘ममरा’ मागितला की कुरमुरे मिळतात, तीळ-गूळ मिळतो, बाकी जुळवाजुळव. बोरांच्या जागी द्राक्षं घेतली, पण उभी चार फाकी करून. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात बरोब्बर अडकण्याच्या मापाचं असतं. इथल्या मैत्रिणीच्या मुलाला कुरमुऱ्यांचा पाऊस इतका आवडला, की तो पुढचा आठवडाभर आईला भाताचा पाऊस पाडायला सांगत होता.

पुन्हा मी

बिस्किटाच्या पुड्यावरून घरात आधीच दोन तट पडलेत. दोन ढिगांचं मात्र पक्कं. चंद्रकळा नाही, पण आईचं काळं खणाचं कापड उरलंय. कोल्हापूरच्या ताई, पिशवीचं माप किती ठेवलंत?

कोल्हापूर

वीतभर उंच, चार बोटं कमी रुंद. नाडी ओवायला वरून दोन बोटं दुमडा. आणि भरताना बोरं धुऊन नीट पुसून अगदी आयत्या वेळी टाका, आदल्या रात्री टाकलीत तर चिरमुरे सादळतात.