जीबीए१: आठही निरोगी नमुन्यांत एल४४४पी कसे दिसते?

विश्रामबागकर, सांगली
नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी ग्लुकोसेरेब्रोसिडेज या लायसोसोममधील (पेशीच्या पाचक पिशवीतील) विकराच्या जीबीए१ जनुकाचा दहावा एक्सॉन (प्रथिनाची माहिती असलेला तुकडा) पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याच्या पद्धतीने, वाढवते आणि एनसीआय-१ या डीएनए कापणाऱ्या विकराने कापते. गोशे या आनुवंशिक विकारातील एल४४४पी हा बदल असेल, तरच त्या जागी काप बसतो, असे शिकवले होते. प्रत्यक्षात माझ्यासह आठही जणांच्या नमुन्यांत जेलवर अखंड पट्टा आणि कापलेले पट्टे एकत्र दिसले. आम्ही आठही जण वाहक (बदलाची एक प्रत बाळगणारे) कसे असू? पुढे उपाशी ठेवलेल्या पेशींत या जनुकाचा आरएनएही मोजायचा आहे.

कऱ्हाडकर
वाहक नाही, शेजारी नडला आहे. पहिल्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर ११ एक्सॉनचे हे जनुक आहे आणि त्याच्यापुढे सुमारे १६ हजार बेस-जोड्यांवर त्याचे छद्मजनुक, म्हणजे त्याची निकामी नक्कल, आहे. एक्सॉनांपुरते पाहिल्यास दोघांत सुमारे ९६ टक्के साम्य आहे. गंमत अशी, की तुम्ही शोधत असलेला एल४४४पीचा बदल छद्मजनुकात मुळातच असतो. त्यामुळे दोन्हींचे तुकडे वाढले, की निरोगी माणूसही वाहक भासतो. मात्र छद्मजनुकाच्या नवव्या एक्सॉनमधील ५५ बेस-जोड्या गळालेल्या आहेत. एक प्रायमर (पीसीआरची सुरुवात करणारा छोटा डीएनए-तुकडा) नेमका त्या ५५ जोड्यांत बसवा, म्हणजे त्याला छद्मजनुकात जागाच उरणार नाही.

सातारी
आरएनए मोजतानाही हीच काळजी घ्या, कारण छद्मजनुकाचाही आरएनए बनतो. नियमनाविषयी: लायसोसोमच्या अनेक जनुकांप्रमाणे जीबीए१ही टीएफईबी या प्रथिनाच्या ताब्यात आहे, हे २००९ साली पुढे आले. पोषण भरपूर असताना लायसोसोमच्या पृष्ठभागावरील एमटॉरसी१ हे प्रथिनसंकुल टीएफईबीवर फॉस्फेट चढवून त्याला केंद्रकाबाहेर अडवते. उपासमारीत ते फॉस्फेट उतरते, टीएफईबी केंद्रकात शिरते आणि जीटीसीएसीजीटीजीएसी या धाटणीच्या डीएनए-क्रमाला बिलगते. तरीही आरएनए वाढला म्हणजे विकराचे कार्य तितकेच वाढले, असे समजू नका. इतर बहुतेक लायसोसोमी विकरांसारखा हा मॅनोज-६-फॉस्फेट या साखरेच्या खुणेच्या वाटेने लायसोसोमकडे जात नाही, लिम्प-२ हे प्रथिन त्याला वाहून नेते. घडी बिघडलेला विकर तर तो जिथे बनतो त्या अंतर्द्रव्य जालिकेतच अडकतो. म्हणून विकराची क्रियाशीलता स्वतंत्रपणे मोजावी.

विश्रामबागकर, सांगली
आभारी आहे. दोन्ही प्रायमर आत्ताच ताडून पाहिले. छद्मजनुकाशी ते अक्षर न् अक्षर जुळतात. नवा प्रायमर येईपर्यंत आठ जणांना वाहक म्हणणारे वहीतले पान तसेच ठेवते, फक्त समासात ‘छद्मजनुक’ लिहिले आहे.