‘माझे नाव यादीतून काढा’ असे लिहिणाऱ्यांवर चिडण्यापूर्वी

अमळनेरकर:
आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या मेल-यादीवर नुकतेच काही ज्येष्ठांनी ‘माझे नाव यादीतून काढा’ असे सर्वांना लिहिले, त्यावर इतरांनीही सर्वांनाच उत्तरे पाठवली आणि प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये त्या उत्तरांचा ढीग साचला. त्यानंतर पांझराकाठ यांनी येथे असे मत मांडले की ज्यांना साधे अनसबस्क्राइब करता येत नाही त्यांनी ईमेल वापरू नये आणि अशा लोकांना हात धरून शिकवणे म्हणजे आळसाला खतपाणी घालणे होय. हे मत मला इतके खटकले की त्याला सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

यादीतून बाहेर पडण्यासाठी या ज्येष्ठांना काय करावे लागते ते आधी पाहावे. प्रत्येक पत्राच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत इंग्रजीत एक ओळ असते. तिच्यात सांगितल्याप्रमाणे गटाच्या पत्त्यात एक जोड घालून त्यावर कोरे पत्र पाठवायचे असते, आणि तेही ज्या पत्त्याने नाव नोंदले आहे त्याच पत्त्यावरून. आपल्या यादीतील निवृत्त शिक्षकांची नावे स्नेहमेळाव्यात कोणीतरी कागदावर लिहून घेतली आणि नंतर परस्पर चढवली. अनेकांचा तो पत्ता आता जुना झाला असून त्यावरची पत्रे मुलांनी नव्या पत्त्याकडे वळवून ठेवली आहेत. गुरुजी नव्या पत्त्यावरून विनंती करतात, यंत्रणा कळवते की आपण सदस्यच नाही, आणि दुसऱ्या दिवशी पत्रे पुन्हा येतात. अशा माणसाने सर्वांना लिहू नये तर काय करावे? सांगितलेली कृती तर त्याने आधीच केलेली असते.

बाहेर पडण्याची वाट पत्राच्या शीर्षभागात यंत्राला वाचता येईल अशी नोंदवण्याचे मानक १९९८ मध्ये आले आणि एका क्लिकमध्ये बाहेर पडण्याचे मानक २०१७ मध्ये आले. तरीही जीमेल आणि याहू यांना २०२४ मध्ये मोठ्या प्रमाणावर जाहिरातीची पत्रे पाठवणाऱ्यांवर ही सोय सक्तीची करावी लागली आणि विनंती दोन दिवसांत अमलात आणा असे बजावावे लागले. जीमेलच्या बाबतीत दिवसाला ५,००० च्या आसपास किंवा त्याहून अधिक पत्रे पाठवणारे यात मोडतात. पाठवणाऱ्या कंपन्यांना सक्ती केल्याशिवाय दार उघडावेसे वाटले नाही, आणि आपण मात्र दार न सापडलेल्या माणसाला आळशी ठरवतो. माझे म्हणणे एवढेच आहे की ज्याने नाव घातले, नाव काढून देण्याची जबाबदारीही त्याचीच आहे.

पांझराकाठ:
माझ्या लिहिण्यातला ‘आळस’ हा शब्द कठोर होता, असे कोणाला वाटत असेल तर वाटो; पण त्यामागची भीती आपण विचारात घेतली नाही. गेली काही वर्षे आपण सगळेच आपापल्या घरी एकच गोष्ट घोकून घेत आहोत की कोणत्याही निळ्या अक्षरांवर बोट ठेवायचे नाही. आज रात्री वीज तोडली जाईल असा संदेश येतो, वाहनाच्या दंडाच्या नावाखाली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, येते, किसान सन्मानच्या नावाखाली तशीच दुसरी येते, आणि धुळे काय, नंदुरबार काय, आपल्या प्रत्येक तालुक्यात अशा फसवणुकीला बळी पडलेले कोणी ना कोणी ओळखीचे असते. मोठ्या कष्टाने रुजवलेल्या या सवयीला आता आपण अपवाद शिकवणार आहात.

माझ्या आत्याने एका अनोळखी पत्राच्या तळाशी असलेल्या अशाच दुव्यावर क्लिक केले. उघडलेल्या पानाने ईमेलचा पासवर्ड मागितला, तिने तो दिला, आणि खाते हातचे गेले. खोट्या पत्रातला असा दुवा उघडणे म्हणजे हा पत्ता जिवंत आहे, असे पाठवणाऱ्याला कळवणे असते. त्यापेक्षा पत्रे येऊ द्यावीत आणि न उघडता सोडून द्यावीत. नको असलेल्या पत्राने आजवर कोणाचे घर बुडालेले नाही.

माहेर शिरपूर:
पांझराकाठ यांच्या आत्यांबाबत जे झाले ते वाईटच झाले, परंतु ‘सोडून द्यावीत’ हा सल्ला निरुपद्रवी नाही. जीमेलची मोफत जागा १५ जीबी असते आणि ती पत्रे, ड्राइव्ह व फोटो या तिन्हींत वाटली जाते. आमच्या नानांच्या फोनमधील फोटोंनी आणि वर्षानुवर्षांच्या जाहिरातींनी ती पूर्ण भरली, आणि त्यानंतर नवे पत्र येणेच थांबले. एका रुग्णालयाने तपासणीचा अहवाल ईमेलने पाठवला तो पोहोचला नाही, नानांना वाटले अहवाल अजून तयार नाही, आणि उपचार लांबले. जागा अडवली ती मुख्यतः फोटोंनी, हे मला माहीत आहे. परंतु जाहिरातींच्या गर्दीमुळे नाना पत्रे उघडेनासे झाले होते, म्हणून जागा संपल्याची सूचनाही त्यांनी वाचली नाही.

आता दुव्यांविषयी. पत्राच्या मजकुरातील दुवा आणि जीमेलने स्वतः पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी दाखवलेले अनसबस्क्राइबचे बटण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमळनेरकर यांनी सांगितलेल्या शीर्षभागातील नोंदीवरून ते बटण दिसते, आणि विनंती बहुतेक वेळा तेथल्या तेथे जाते. काही वेळा मात्र ते बटण पाठवणाऱ्याच्या संकेतस्थळावर जाण्यास सांगते. तेव्हा मागे फिरायचे, हे मी नानांना पक्के सांगितले आहे. जुलै २०२५ पासून जीमेलमध्ये सगळ्या वर्गणीच्या पत्रांची एकत्र यादीही मिळू लागली असून जो जास्त पत्रे पाठवतो तो त्यात वर दिसतो. नानांनी ती यादी स्वतः वाचली आणि कोणाला ठेवायचे, कोणाला काढायचे ते स्वतः ठरवले. मी शेजारी बसले होते, फोन त्यांच्याच हातात होता.

जंक्शन:
मी भुसावळचा, रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस आहे, म्हणजे ज्यांच्याविषयी येथे बोलणे चालले आहे त्यांपैकीच एक. माहेर शिरपूर यांचे शेवटचे वाक्य प्रत्येक मुलाने आणि सुनेने वाचावे. आमच्याकडे मदत म्हणजे फोन हातातून काढून घेणे. माझ्या मुलाने सुटीत येऊन दिसेल त्या पाठवणाऱ्याला स्पॅम ठरवले, आणि त्यात माझ्या म्युच्युअल फंडाची विवरणपत्रेही गेली. स्पॅममधील पत्र ३० दिवसांनी आपोआप पुसले जाते, हे मला विवरण शोधायला गेल्यावर कळले. ज्या पाठवणाऱ्याला मी स्वतः पत्ता दिला आहे त्याच्याकडून अनसबस्क्राइब करावे आणि ज्याला कधीच दिलेला नाही त्याला स्पॅम ठरवावे, एवढा फरक जर कोणी मला समजावून सांगितला असता तर मी तो लक्षात ठेवला असता. बत्तीस डब्यांच्या मालगाडीचे कागद सांभाळलेल्या माणसाला हे जमणार नाही, असे तरुणांनी परस्पर का ठरवावे?

केळीबाग, रावेर:
आपण सर्वजण असे गृहीत धरून चालला आहात की ईमेल ज्याच्या नावावर आहे तो त्याच्याच हातात असतो. आमच्या भागात तसे नाही. केळीच्या फळपीक विम्याचा अर्ज असो, अनुदानाचा असो किंवा मुलाच्या शिष्यवृत्तीचा असो, तो सेवा केंद्रावर भरला जातो. तेथला मुलगा शेतकऱ्याच्या नावाने ईमेल उघडतो, पासवर्ड त्याच्या वहीत राहतो, आणि शेतकऱ्याला आपला असा काही पत्ता आहे हेही ठाऊक नसते. माझ्या चुलत्यांच्या विम्याबाबत अधिक कागद मागणारे पत्र अशाच पत्त्यावर पडून राहिले आणि मुदत टळली. अनसबस्क्राइब कसे करावे हे शिकवण्याआधी लोकांचे ईमेल लोकांना परत करा. केंद्रांनी लोकांच्या चाव्या स्वतःच्या खिशात ठेवल्या आहेत.

केंद्रचालक, शहादा:
‘चाव्या खिशात ठेवल्या’ हा आरोप मी मुकाट्याने ऐकून घेणार नाही. आपण एकदा हंगामात माझ्या केंद्रावर येऊन बसावे. बाहेर रांग असते, सर्व्हर चालत नाही, मुदतीचा शेवटचा दिवस असतो आणि अर्जातला ईमेलचा रकाना भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. समोरच्या आजोबांकडे साधा बटणांचा फोन असतो. मी पत्ता उघडून दिला नाही तर अर्ज राहतो आणि उघडून दिला तर मी चोर ठरतो.

शिवाय घाईच्या दिवसांत अनेक अर्जांवर केंद्राचाच पत्ता घातला जातो. त्याचा परिणाम मी भोगतो आहे. ज्या ज्या संकेतस्थळावर तो पत्ता गेला तेथून कर्जाच्या, शिकवण्यांच्या आणि विम्याच्या जाहिराती माझ्याकडे येतात, आणि मला त्या सरसकट बंद करता येत नाहीत, कारण त्याच गर्दीत कोणाच्या तरी अर्जातील त्रुटीचे पत्र असू शकते. रोज रात्री दुकान बंद केल्यावर मी ती चाळतो. त्याचे कोणी पैसे देत नाही.

केळीबाग, रावेर:
जिभाऊ, आपल्याला चोर कोणीही म्हटलेले नाही. आपण प्रामाणिक असाल. परंतु जी वही आपण टेबलावर ठेवता ती आपल्या गैरहजेरीत कोण उघडतो, हे आपल्याला तरी माहीत आहे का? माझ्या चुलत्यांचे नुकसान तुमच्या रांगेपेक्षा लहान नव्हते. पावतीच्या मागे ईमेलचा पत्ता आणि पासवर्ड लिहून देणे यास किती वेळ लागतो? अर्जाचे शुल्क घेताना वेळ मिळतो, मग यासाठीही मिळायला हवा.

केंद्रचालक, शहादा:
शुल्काचा मुद्दा काढलाच आहे तर सांगतो, ईमेल उघडून देण्याचे शुल्क आम्ही कधी घेतलेले नाही. आणि पासवर्ड लिहिलेली पावती लोक खिशात ठेवतात, ती धुण्यात जाते, मग तेच लोक माझ्याकडे येऊन पासवर्ड विचारतात आणि वही नसेल तर माझ्यावरच ओरडतात. वही मी माझ्या हौसेने ठेवलेली नाही.

पांझराकाठ:
या वादातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. ज्याला स्वतःच्या पत्त्याचा पासवर्ड ठाऊक नाही त्याच्यावर आपण आणखी एक काम लादत आहोत. हा प्रश्न कायद्याने सोडवण्याचा आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असे त्यात लिहिलेले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. ग्राहकांना फसव्या रचनांत अडकवण्याविरुद्ध २०२३ च्या नोव्हेंबरातच मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यात १३ प्रकार सांगितले असून वर्गणीचा सापळा हा त्यांतला एक आहे. सरकारने पाठवणाऱ्यांना धरावे. म्हाताऱ्या माणसांना बटणे शिकवत बसणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

अमळनेरकर:
कायद्याचे मी स्वागत करतो, पण तो हातात पडण्याची वाट पाहत बसणे मला मान्य नाही. मोबाइलवरील जाहिराती रोखण्याची १९०९ या क्रमांकावरची सोय कितीतरी वर्षे उपलब्ध आहे, आणि तरीही आपल्या गावात किती जणांनी ती घेतली आहे ते पाहा. ज्यांनी घेतली त्यांच्यातही अनेकांची समजूत अशी की तिच्यामुळे ईमेलही थांबतील. ती फक्त कॉल आणि एसएमएससाठी आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नाही. हक्क कागदावर असला तरी तो वापरायला शेजारी बसणारे माणूस लागते.

आणि कायदा आपल्या यादीला काय करणार? तेथे कोणी कंपनी नाही, नावे आपणच चढवली आहेत. यादीच्या व्यवस्थापकांशी मी बोललो. सदस्यांच्या तक्त्यात गुरुजींचे जुने पत्ते सापडले आणि ते त्यांनी स्वतः काढले; यासाठी गुरुजींना काहीही करावे लागले नाही. पत्राच्या तळाशी आता ‘यादीतून नाव काढायचे असल्यास व्यवस्थापकांना कळवा’ अशी मराठी ओळ असेल, सोबत त्यांचा पत्ता असेल आणि ती ओळ मोठ्या अक्षरांत असेल.

माहेर शिरपूर:
एक सूचना राहून गेली होती. यादीतले किंवा दुकानाचे आलेले पत्र दुसऱ्याला पुढे पाठवले आणि त्याने तळाचा दुवा उघडला, तर यादीतून नाव बहुधा पत्र पुढे पाठवणाऱ्याचे निघते, कारण तो दुवा मूळ पत्त्याशी बांधलेला असतो. आमच्या काकू याच कारणाने एका मासिकाच्या यादीतून बाहेर पडल्या आणि महिनोन्‌महिने मासिक का येत नाही म्हणून विचारत राहिल्या. मदत करणाऱ्याने प्रथम हे पाहावे की पत्र थेट आले आहे की कोणाकडून फिरून आले आहे.

केंद्रचालक, शहादा:
केळीबाग यांचा सूर मला अजूनही आवडलेला नाही. तरीही पावतीची गोष्ट मी करणार आहे, मात्र माझ्या पद्धतीने. नवे खाते उघडताना परत मिळवण्यासाठीचा मोबाइल क्रमांक केंद्राचा न देता त्या माणसाचा किंवा त्याच्या घरातील जबाबदार व्यक्तीचा देईन, म्हणजे पासवर्ड हरवला तरी वहीची गरज राहणार नाही. खाते उघडताना जाहिरातीसाठी आधीच टिक केलेले चौकोन मी रिकामे करत आलो आहे, यापुढेही करीन. जुन्या वहीतील लोक मात्र त्यांनी स्वतः आधार आणि फोन घेऊन यावे. घरोघर जाणे मला शक्य नाही.

केळीबाग, रावेर:
जुन्या वहीचे गावनिहाय कागद करून दिलेत तर आमच्या गावातील लोकांना मी आणतो. सूर माझा असाच आहे.

जंक्शन:
येत्या स्नेहमेळाव्यात जेवणानंतर तासभर यासाठी ठेवावा, असे मी व्यवस्थापकांना कळवले आहे. मुलांना मात्र आमच्या फोनपासून दूर बसवावे.

पांझराकाठ:
नावाशेजारचे बटण आणि मजकुरातला दुवा यांतला फरक मी मान्य करतो, कारण तो मी स्वतः तपासून पाहिला. ईमेल वापरू नये हे विधानही मी मागे घेतो. स्नेहमेळाव्याला मी येईन आणि शिकवायलाही बसेन. माझी अट एवढीच की त्या तासाची सुरुवात पासवर्ड किंवा ओटीपी मागणारे पान ओळखून ते तत्काळ बंद करण्यापासून व्हावी, १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये साठवला जावा, आणि त्यानंतरच अनसबस्क्राइबकडे वळावे. हा क्रम बदलणार असेल तर माझे नाव शिकवणाऱ्यांत धरू नये.