रिटेन्शनला 'धारणा' म्हणावं की 'धारण'?

प्रश्न : विद्यार्थ्यांसाठी द्रव क्रोमॅटोग्राफीवर (वाहत्या द्रावणासोबत मिश्रण कॉलम नावाच्या भरलेल्या नळीतून सोडून त्यातली संयुगं वेगळी करण्याची पद्धत) मराठीत टिपण लिहिते आहे. आम्लधर्मी संयुगं कॉलममध्ये किती वेळ थांबतील, म्हणजे त्यांचं रिटेन्शन किती, याचा अंदाज कसा बांधायचा, हा विषय. 'आम्लांची धारणा' असं लिहिलं, तर वाचणाऱ्याने विचारलं, "धारणा म्हणजे समज ना?" मग 'रोध' लिहू का?

प्रतिसाद १ : 'रोध' नको, तो विजेकडे गेलेला शब्द आहे. 'धारण' घ्या. जमिनीची जलधारणक्षमता आपण सर्रास म्हणतो. माती पाणी धरते आणि सावकाश सोडते, कॉलमही तेच करतो. त्यावरून 'धारणकाल' सहज होतो.

प्रतिसाद २ : 'धारणकाल' पटला, जरी कामाच्या टेबलाशी आम्ही "पीक लवकर आलं" एवढंच म्हणतो (पीक म्हणजे संयुग बाहेर पडताना आलेखावर, क्रोमॅटोग्रामवर, दिसणारा उंचवटा). मला काळजी वाटते ती दुसऱ्या शब्दाची. आम्ल प्रोटॉन सोडतं त्याला कृपा करून 'विघटन' लिहू नका. विघटन म्हणजे संयुगच मोडलं. मग विद्यार्थी क्रोमॅटोग्राममध्ये तुकड्यांची नवी पीकं शोधत बसेल. इथे 'विचरण' हवं. पाठ्यपुस्तकातला जुना, नेमका शब्द आहे, आणि सगळा अंदाज त्याच्यावरच उभा आहे.

बेंझॉइक आम्ल घ्या. पाण्यात त्याचा पीकेए (ज्या सामूला, म्हणजे पीएचला, निम्मे रेणू विचरित असतात तो आकडा) ४.२. सामू २.७ असेल तर जेमतेम ३ टक्के रेणू विचरित असतात. बाकीचे प्रभाररहित, सी-१८ कॉलमला (आतून तेलकट थर असलेल्या, म्हणजे उलट प्रावस्थेच्या कॉलमला) चिकटणारे, म्हणून पीक उशिरा येतं. सामू ५.७ केला की ९७ टक्के विचरित, आणि आयनांना पाण्याची ओढ जास्त, त्यामुळे पीक बरंच आधी निघतं. ४.२ ला निम्मे-निम्मे. तिथे सामू ०.१ ने जरी हलला तरी धारणकाल सरकतो. म्हणून पद्धत ठरवताना पीकेएपासून दोन एकक दूर राहावं, तिथे सामू आणि धारणकालाचा आलेख जवळपास सपाट असतो.

प्रश्नकर्ती : म्हणजे 'आम्लाचा धारणकाल' असं सुटं लिहिणंच अपुरं?

प्रतिसाद २ : हो. सोबत सामू हवाच, कॉलम आणि चल प्रावस्थाही (कॉलममधून वाहणारं द्रावण, इथे बफर आणि मेथॅनॉलसारख्या द्रावकाचं मिश्रण). शिवाय हा सामू नुसत्या जलीय बफरचा (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा) की मेथॅनॉल मिसळल्यानंतरचा, हेही लिहा. मेथॅनॉल किंवा अ‍ॅसिटोनायट्राइल वाढलं की अशा आम्लांचा पीकेए वर जातो. पाण्यातला आकडा जसाच्या तसा वापरला की अंदाज चुकतो.

प्रतिसाद १ : तसंच 'विभाजन गुणांक' आणि 'वितरण गुणांक' वेगळे ठेवा. संयुग तेलकट द्रावकात आणि पाण्यात कसं वाटलं जातं ते दोन्ही सांगतात. पहिला फक्त अविचरित रूपाचा, दुसरा दिलेल्या सामूला दोन्ही रूपं मिळून. आम्लांना दुसराच उपयोगी.

प्रश्नकर्ती : वाक्य असं केलं : 'आम्लाचं विचरण जितकं जास्त, तितका उलट प्रावस्थेतील त्याचा धारणकाल कमी.'

प्रतिसाद २ : 'इतर परिस्थिती तीच असताना' एवढं सुरुवातीला जोडा.